एक सिम, सबंध /६४: शीतगृहात मोबाइल जोडणीवरून पत्ते बसवताना

इंदूरहून सांवेरला जाणाऱ्या रस्त्यावर बटाट्याचं एक शीतगृह आहे. माल बहुतेक चिप्सवाल्यांचा, म्हणून खोल्या १० ते १२ अंशांवर. बियाण्याची एक खोली तेवढी २ ते ४ अंशांवर. नऊ खोल्यांत नऊ तापमान लॉगर, शिवाय तीन कॅमेरे, त्यांचं चित्रण साठवणारा एक एनव्हीआर आणि बिलं करायचा एक संगणक, अशी चौदा यंत्रं. फायबर आहे, पण रस्ता खणायला घेतला की ते दोन-दोन दिवस मुकं. म्हणून ४जीचं सिम हीच मुख्य जोडणी करायची ठरली. अट एकच होती: प्रत्येक लॉगरला इंटरनेटवरचा स्वतःचा, दुसऱ्या कोणाकडे नसलेला पत्ता हवा. सगळी यंत्रं एकाच पत्त्यामागे ठेवून आकड्यांनी वाटा काढायची, ती पोर्ट फॉरवर्डिंगची कसरत नको.

मालकांचा पहिला प्रश्न रास्त होता. "सिम एक, मग चौदा पत्ते कुठून आणणार भाऊ?"

"काका, चौदा मागायचेच नाहीत. कंपनी एका सिमला अख्खी पेठ देते. घरं किती बांधायची ते आपण ठरवायचं."

ही पेठ म्हणजे आयपीव्ही६चा /६४. १२८ बिटांच्या पत्त्यातले वरचे ६४ बिट कंपनी ठरवते, खालचे ६४ आपल्या हाती. पत्ते किती, तर १८४ वर १७ शून्यं इतके. हे आधी डोक्यात नीट बसवावं लागतं, कारण पुढच्या निम्म्या चुका लॅनच्या, म्हणजे घरातल्या-ऑफिसातल्या जाळ्याच्या, सवयीतून होतात. लॅनवर एकाच तारेवर वीस जण बसलेले असतात. कोणाचा पत्ता कोणता हे सगळ्यांना हाक मारून विचारावं लागतं, दोघांनी एकच घेतला तर दोघांचंही बंद पडतं. मोबाइल जोडणीत टोकं दोनच. एका टोकाला फोन किंवा मॉडेम, दुसऱ्या टोकाला कंपनीचा गेटवे. ४जीत त्याला पीजीडब्ल्यू म्हणतात. ५जीत तेच काम एसएमएफ आणि यूपीएफ वाटून घेतात. मधला टॉवर पाकिटं या दोन टोकांमधल्या बोगद्यात सरकवतो, पत्त्याशी त्याचं देणंघेणं नाही. म्हणूनच सिम घेऊन देवासपर्यंत गेलात, वाटेत वीस टॉवर बदलले, तरी गेटवे तोच राहतो आणि पत्ताही तोच राहतो. या जोडणीवर शेजारीच नाही, त्यामुळे शेजाऱ्याचा शोध नाही, मॅक पत्ता (यंत्राचा कारखान्यातला क्रमांक) नाही, तो शोधणारं एआरपी नाही.

जुन्या आयपीव्ही४मध्ये या बोगद्यातून एक सुटा पत्ता मिळतो, आणि तोही बहुधा १००.६४.०.०/१० या सामायिक पट्ट्यातला किंवा १०ने सुरू होणारा खाजगी, म्हणजे कंपनीच्या नॅटमागचा (अनेकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणारी सोय). मॉडेम त्याच्यासोबत २५५.२५५.२५५.२५२ असा मास्क आणि एक गेटवेसुद्धा दाखवतं. ते मॉडेमनं स्वतःच रचलेलं असतं. राउटरला लॅनसारखं काहीतरी दिसलं पाहिजे म्हणून. त्या गेटवेला पिंग करून जोडणी तपासणारे लोक आम्ही पाहिलेत. तो कागदावरचा गेटवे आहे, उत्तर आलं किंवा नाही आलं तरी त्यावरून काही ठरत नाही.

आयपीव्ही६ मात्र दोन हप्त्यांत मिळतं, आणि हा फरक समजला की बिघाड शोधणं सोपं होतं. पहिला हप्ता सिग्नलिंगमध्ये: बेअरर, म्हणजे मॉडेम ते गेटवे ही जोडणी, उभा करताना नेटवर्क जो संदेश पाठवतं त्यात ६४ बिटांचा इंटरफेस आयडेंटिफायर, म्हणजे पत्त्याचा खालचा अर्धा, असतो, बस. मॉडेमनं त्याच्यापुढे एफई८०:: लावून फक्त त्या दुव्यापुरता पत्ता बनवायचा. तो गेटवेनंच दिलेला असल्यामुळे गेटवेच्या स्वतःच्या पत्त्याशी टक्कर होत नाही. दुसरा हप्ता त्या पत्त्यावरून मागायचा असतो. मॉडेम एफएफ०२::२ कडे राउटर सॉलिसिटेशन पाठवतं, गेटवे राउटर अॅडव्हर्टाइझमेंट (आरए) परत करतो आणि त्यात /६४ येतो. या आरएमध्ये ए हा झेंडा वर असतो, म्हणजे पत्ता स्वतः बनवा. एल हा झेंडा खाली असतो, म्हणजे या पेठेतलं कोणीही या दुव्यावर शेजारी म्हणून शोधू नका, सगळं गेटवेकडे सोडा. मुदत अनंत. जोवर बेअरर आहे तोवर पेठ तुमची.

या पेठेतला एकही पत्ता गेटवे स्वतःकडे ठेवत नाही. म्हणून पत्ता घेतल्यावर "दुसऱ्या कोणी हा घेतलाय का?" ही विचारणा इथे करावी लागत नाही. खालचा अर्धा दर तासाला बदला, एकाच वेळी दहा वापरा, नेटवर्कला कळवायची गरज नाही. त्याच्या तक्त्यात फक्त "हा /६४ या बोगद्यात" एवढीच नोंद असते.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या ३जीपीपीच्या सुरुवातीच्या मसुद्यांत एका जोडणीला एकच पत्ता होता. सप्टेंबर २००२मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफनं आरएफसी ३३१४ हा दस्तऐवज काढून सुचवलं की एका जोडणीला एक किंवा अधिक अख्खे /६४ द्यावेत, तोच /६४ दुसऱ्या जोडणीला देऊ नये, आणि आत हवे तेवढे, वाटल्यास यादृच्छिक, आयडेंटिफायर वापरू द्यावेत. हे ३जीपीपीनं मान्य केलं. एका फोनला इतके पत्ते म्हणजे उधळपट्टी, असं अजूनही लोक म्हणतात. साधा हिशेब करा: कंपनीला मिळणाऱ्या एका /३२मध्ये ४२९ कोटी /६४ बसतात. भारतात माणशी जवळजवळ तीन.

आता काम. पहिला दिवस पत्त्यांत नाही, पत्र्यात गेला. शीतगृहाच्या भिंती पफ पॅनेलच्या, दोन्ही बाजूंनी पत्रा. आत सिग्नलची पातळी, म्हणजे आरएसआरपी, उणे ११८ डीबीएम. या पातळीला बेअरर उभा राहतो, पण दर थोड्या वेळानं पडतो, आणि पडला की नवा /६४. पत्ते का बदलतात म्हणून सॉफ्टवेअर चाळत बसण्याआधी हा आकडा बघावा. अँटेना बाहेर, छतावर. आरजी-५८ केबल २ गिगाहर्ट्झच्या आसपास १० मीटरला ८ डेसिबलच्या घरात खाते, म्हणून अँटेना वर आणि राउटर खाली ऑफिसात असा बेत सोडला. राउटरच वर पाणी न शिरणाऱ्या डब्यात बसवला, अँटेनाच्या तारा एकेक मीटर ठेवल्या आणि खाली इथरनेट केबल आणली. जेल रोडवर पिगटेल (अँटेनाची छोटी जोडतार) घेताना टोक एसएमए आहे की आरपी-एसएमए ते उघडून बघा. दोन्ही आटे एकमेकांवर बसतात, पण मधली पिन जुळत नाही आणि सिग्नल शून्य. मेन आणि डायव्हर्सिटी अशा दोन्ही अँटेना लावल्या. पातळी उणे ९२वर आली. ते पुरतं.

राउटर ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारा, आत क्वेक्टेलचं ईसी२५ मॉड्यूल. मॉड्यूल राउटरला कसं दिसावं याचे दोन-तीन प्रकार असतात. एका प्रकारात मॉड्यूल स्वतःच छोटा राउटर बनतं, आत १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते वाटतं आणि नॅटवर नॅट चढतं. पेठ हवी असेल तर हा प्रकार टाळा. मॉड्यूल थेट राउटरच्या हुकमात ठेवणारा क्यूएमआय प्रकार निवडा आणि त्यात रॉ-आयपी चालू आहे याची खात्री करा. रॉ-आयपीमध्ये इथरनेटचा खोटा मुखवटा नसतो, पाकिटं उघडी जातात, आणि दुवा मुळात जसा आहे तसाच राउटरला दिसतो. हा पर्याय बंद राहिला तर बेअरर उभा दिसतो, पत्ता दिसतो, पण मोजणीत पाठवलेली पाकिटं वाढतात आणि आलेली शून्यावर अडतात. हे लक्षण ओळखीचं करून ठेवा.

यानंतरची पायरी म्हणजे पीडीपीचा प्रकार (जोडणीवर आयपीव्ही४ हवं, आयपीव्ही६ की दोन्ही), आणि सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. राउटरच्या पडद्यावर आयपीव्ही४व्ही६ निवडलं की झालं असं वाटतं. होत नाही. ४जीत मॉडेम नेटवर्कला चिकटतानाच पहिला बेअरर उभा राहतो, आणि तो राउटरनं काही सांगण्याआधीच, मॉडेमच्या स्वतःच्या पहिल्या प्रोफाइलवरून. त्या प्रोफाइलमध्ये नुसतं आयपी लिहिलेलं असेल, म्हणजे फक्त आयपीव्ही४, तर नेटवर्क तेच देतं. मग राउटर त्याच एपीएनवर (कंपनीच्या नेटवर्कमधल्या दाराचं नाव) आयपीव्ही६ मागतो आणि नकार येतो. आम्ही मॉडेमला थेट आज्ञा द्यायच्या एटी पोर्टवर जाऊन सीजीडीसीओएनटी या आज्ञेनं पहिलं प्रोफाइल वाचलं. एपीएन बरोबर, प्रकार जुना. तो आयपीव्ही४व्ही६ केला, मग सीएफयूएन ० आणि सीएफयूएन १ देऊन रेडिओ बंद-चालू केला, जेणेकरून मॉडेम नव्यानं चिकटेल. नुसतं राउटरचं इंटरफेस खाली-वर केल्यानं हे होत नाही, कारण मॉडेम चिकटलेलंच राहतं.

नकारासोबत येणारा आकडा वाचायची सवय लावा, तो बरंच सांगतो. ५० म्हणजे इथे फक्त आयपीव्ही४. ५१ म्हणजे फक्त आयपीव्ही६, आणि हा खरं तर शुभशकुन. ५२ म्हणजे दोन्ही मिळतील पण एका बेअररवर एकच, तेव्हा दोन वेगळे मागा. ५५ म्हणजे त्याच एपीएनवर दुसरी जोडणी चालणार नाही. वर सांगितलेल्या घोळात हाच दिसण्याची शक्यता जास्त. २७ असेल तर एपीएनचं नाव चुकलंय. ३३ असेल तर सेवा तुमच्या प्लॅनमध्येच नाही, कितीही आज्ञा दिल्या तरी येणार नाही. ग्राहक सेवेलाच फोन लावावा लागतो, आणि तिथे "आयपीव्ही६" हा शब्द तीनदा सांगायची तयारी ठेवावी.

पत्ता आला का हे सीजीपीएडीडीआर या आज्ञेनं बघता येतं, पण तिथे एक गंमत आहे. मानकाप्रमाणे ही आज्ञा आयपीव्ही६ पत्ताही दशमान आकड्यांत, टिंबं देऊन, सोळा आकड्यांत छापते. सुरुवात २५४.१२८ने असेल तर तो एफई८० आहे, म्हणजे पहिलाच हप्ता मिळालाय, पेठ अजून यायची आहे. उदाहरणांसाठी राखून ठेवलेला २००१:डीबी८ इथे ३२.१.१३.१८४ असा दिसेल. आमच्याबरोबरच्या पोरानं २५४.१२८ला आयपीव्ही४ पत्ता समजून पिंग लावला होता. आकडे सोळा आहेत हे मोजलं की चूक कळते.

पहिला हप्ता आला आणि दुसरा येत नाही, तर कारणं दोन. एक, राउटरच्या फायरवॉलनं आयसीएमपीव्ही६चा (नेटवर्कच्या सूचना नेणारा प्रोटोकॉल) १३४ क्रमांकाचा संदेश अडवला. तोच आरए असतो, आणि विचारणा १३३. आयपीव्ही४मध्ये आयसीएमपी सरसकट बंद करणारे लोक आयपीव्ही६मध्येही तेच करतात आणि मग फांदी कापून त्याच फांदीवर बसतात. दोन, लिनक्समध्ये पाकिटं पुढे पाठवणं चालू केलं की यंत्र स्वतःला राउटर समजतं आणि दुसऱ्याचा आरए ऐकणं सोडून देतं. अॅक्सेप्ट आरए हे मूल्य १ असून भागत नाही, २ करावं लागतं. क्वालकॉम चिपवरची बरीच मॉड्यूलं आरएची देवाणघेवाण स्वतःच उरकतात आणि क्यूएमआयमधून राउटरला तयार पत्ता, लांबी ६४ आणि गेटवे देतात. तेव्हा हा त्रास दिसत नाही. पण त्याच राउटरवर दुसरं मॉड्यूल बसवलं की पुन्हा उपटतो.

इथवर राउटरला पेठ मिळाली. चौदा यंत्रं मात्र अजून पेठेबाहेरच. ती आत घेण्याचा पुस्तकी मार्ग म्हणजे डीएचसीपीव्ही६ प्रीफिक्स डेलिगेशन: राउटर मोठा तुकडा मागतो, /५६ किंवा /६०, आणि लॅनवर त्यातले /६४ वाटतो. ३जीपीपीनं रिलीज १०मध्ये हे घेतलं. आमच्या सिमवर विचारणेला उत्तरच आलं नाही, चारदा करून पाहिली. मग उरतो आरएफसी ७२७८चा मार्ग, २०१४चा, जो फोनचा हॉटस्पॉटही वापरतो: दुव्यावर मिळालेला तोच /६४ लॅनवर पसरवायचा. दुव्याच्या बाजूला राउटरनं त्यातला एकच पत्ता /१२८ म्हणून ठेवायचा, आणि सबंध /६४ लॅनच्या बाजूला लिहायचा. तसं केलं की "हे पाकीट कुठल्या बाजूला" हा प्रश्न उरत नाही; /१२८ सोडून सगळं लॅनवर. दुव्यावर शेजारी नसल्यामुळेच हे जमतं. साध्या ब्रॉडबँडच्या इथरनेटवर हीच युक्ती केली तर वरचा राउटर प्रत्येक पत्त्यासाठी हाक मारत बसतो आणि त्याला उत्तर द्यायला प्रॉक्सी बसवावा लागतो.

ओपनडब्ल्यूआरटीच्या क्यूएमआय स्क्रिप्टमध्ये हा विस्तार आधीच आहे. लॅनच्या सेटिंगमध्ये आयपी६असाइन ६० असेल ते ६४ करा, कारण वाटायला एकच /६४ आहे. आता लॅनवर मात्र नियम उलटतात. एल झेंडा वर पाहिजे, कारण इथे शेजारी खरोखर आहेत. दुहेरी पत्त्याची तपासणीही पाहिजे, राउटरनंही करायला पाहिजे.

यात एक खड्डा आहे आणि तो बिलात दिसतो. पेठेतल्या बहुतेक पत्त्यांवर कोणी राहत नाही. बाहेरून कोणी अशा रिकाम्या पत्त्यावर पाकीट टाकलं, आणि त्या क्षणी लॅन बंद असलं किंवा तिथला मार्ग नसला, तर राउटर ते आपल्या डिफॉल्ट मार्गानं परत बोगद्यात ढकलतो. गेटवे म्हणतो ही पेठ तुझीच, आणि परत पाठवतो. दर टप्प्याला एकानं घटणारा, पाकिटातला हॉप लिमिटचा आकडा शून्यावर येईपर्यंत हा झोपाळा चालतो. बाहेरून एक पाकीट आलं, तर दुव्यावर पन्नासेक फेऱ्या सहज होतात आणि डेटा मोजला जातो. उपाय साधा: राउटरवर सबंध /६४साठी "अप्राप्य" असा मार्ग कमी प्राधान्यानं लिहून ठेवायचा. लॅनचा मार्ग असेल तर तो आधी लागेल, नसेल तर पाकीट तिथेच मरेल. मार्गांच्या तक्त्यात अनरीचेबलनं सुरू होणारी ओळ आहे का ते बघा. राउटरांच्या आपसातल्या दुव्यांवर २०११पासून आरएफसी ६१६४प्रमाणे /१२७ देतात, त्यामागच्या कारणांत हा झोपाळाही आहेच.

एका /६४मध्ये एकच लॅन मावतं, कारण पत्ता आपोआप बनण्यासाठी खालचे ६४ बिट पूर्ण लागतात. /६५ करून दोन तुकडे पाडायचा मोह होतो. केले तर यंत्रं आपोआप पत्ता घेणं सोडतात. कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारांवरचं वेगळं जाळं) हवे होते. त्यांना पेठेतला पत्ता दिलाच नाही. एफडीनं सुरू होणारा स्थानिक पट्टा, त्यात ४० बिट यादृच्छिक काढून, तो त्यांना दिला. एनव्हीआर दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभा. कॅमेऱ्यांचं फर्मवेअर बघता ते इंटरनेटवर नसलेलेच बरे.

लॉगर मॅक पत्त्यावरून खालचा अर्धा बनवतात: मधोमध एफएफएफई घुसतं, सुरुवातीचा एक बिट उलटतो. त्यामुळे पेठ बदलली तरी घराचा क्रमांक तोच राहतो. फायरवॉलचे नियम त्यावर लिहिता येतात: वरचा अर्धा झाकून फक्त खालचा जुळवायचा, ओपनडब्ल्यूआरटीत त्यासाठी उणे ६४ असा मास्क चालतो. संगणक मात्र दर दिवशी नवा तात्पुरता पत्ता काढतो. त्याला बाहेरून कोणी बोलवायचं नाही, मग काढू दे. प्रत्येक लॉगरच्या डब्यावर शेवटचे चार आकडे मार्करनं लिहून ठेवले, खोली क्रमांकाशेजारी.

पेठ बदलण्याचं खरं दुखणं आत, लॅनवर आहे. बेअरर पडून पुन्हा उभा राहिला की नवा /६४, आणि यंत्रांच्या अंगावर जुना तसाच. गेटवेनं मुदत अनंत दिली होती. ती अनंत मुदत राउटरनं लॅनवर जशीच्या तशी पुढे दिली तर लॉगर जुन्या पत्त्यावरून पाकिटं पाठवत राहतो, गेटवे ती टाकून देतो, आणि लॉगरला वाटतं सर्व्हर बंद आहे. राउटर चालू असेल तर तो जुन्या पेठेची पसंतीची मुदत शून्य करून आरए पाठवतो आणि यंत्रं नवीकडे वळतात. पण लाइट गेली आणि राउटरही गेला, तर परत आल्यावर त्याला जुनी पेठ आठवतच नाही. आणि आरएनं वैध मुदत एकदम तोडताही येत नाही. उरलेला वेळ दोन तासांहून जास्त असेल तर यंत्र ती दोन तासांवरच आणतं, त्याखाली नाही. म्हणून मुदती आधीच आखूड ठेवायच्या. आरएफसी ९०९६, २०२१ची, पसंतीसाठी २७०० सेकंद आणि वैधतेसाठी ५४०० सेकंद सुचवते. आम्ही तेच आकडे घातले. शिवाय राउटरच्या डब्यात १२ व्होल्टचा छोटा यूपीएस ठेवला, कारण लाइट गेल्यावर लॅनचा स्विच बंद झाला तरी बेअरर उभा राहणं महत्त्वाचं. बेअरर राहिला तर पेठ राहते. रेडिओ काही सेकंद गप्प बसून झोपला तरी पेठ जात नाही, बेअरर तुटला तर जाते. हे दोन वेगळे आहेत.

नावांसाठी डीएनएसमध्ये प्रत्येक लॉगरची क्वाड-ए नोंद, म्हणजे नावासमोर आयपीव्ही६ पत्ता; तिचा टीटीएल, म्हणजे ती किती वेळ लक्षात ठेवायची ते, १२० सेकंद. राउटरवर एक छोटी स्क्रिप्ट नव्या पेठेला जुने खालचे अर्धे जोडून नऊ नोंदी एकदम बदलते.

मग बाहेरून चाचणी. सुदामा नगरात बसून, दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून. त्याच राउटरच्या वायफायवरून पत्ता उघडून बघणं ही चाचणी नव्हे, पाकीट बाहेर गेलेलंच नसतं. निकाल: आतून बाहेर सगळं सुरळीत, बाहेरून आत काहीच नाही. राउटरवर पाकिटं मोजली तर एकही पोचत नव्हतं, म्हणजे अडवणूक गेटवेपाशीच. पत्ता जगात एकमेव असणं वेगळं आणि त्या पत्त्यावर बाहेरून पोचता येणं वेगळं. याबद्दल आमची तक्रार फार नाही. इंटरनेटवर सतत कोणी ना कोणी दारं ठोठावत फिरत असतं. प्रत्येक ठोक्याला फोनचा रेडिओ जागा झाला तर बॅटरी दुपारपर्यंतही टिकणार नाही. पण सिम घेताना हे कोणी सांगत नाही, आणि तेवढ्यावर आखलेला बेत कोसळतो. तेव्हा सिम विकत घेण्याआधी मित्राचं त्याच कंपनीचं सिम आणून हीच चाचणी करा. दहा मिनिटांचं काम आहे.

आम्ही वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा राउटरमधून भाड्याच्या सर्व्हरकडे नेला. हाक आतून बाहेर जाते, म्हणून गेटवे अडवत नाही. दर २५ सेकंदांनी एक पाकीट, वाट उघडी ठेवण्यापुरतं. सर्व्हरवाल्याकडून मिळालेल्या /४८मधला एक /६४ बोगद्यातून लॅनवर आणला. त्यामुळे लॉगरला आता दोन पत्ते: एक कंपनीच्या पेठेतला, बदलता, एक सर्व्हरच्या पेठेतला, कायमचा. डीएनएसमध्ये कायमचा लिहिला आणि ती छोटी स्क्रिप्ट निवृत्त झाली. मार्ग मात्र उगमाचा पत्ता बघून ठरवावा लागतो: सर्व्हरच्या पेठेतून निघालेलं पाकीट बोगद्यातच गेलं पाहिजे. चुकून थेट मोबाइल दुव्यावर गेलं तर गेटवे ते "तुझी पेठ ही नाही" म्हणून फेकतो, कसलीही सूचना न देता.

पाकिटाच्या आकारानं एक पूर्ण दुपार खाल्ली. पिंग जायचं, लॉगरचं पान उघडायचं, एनव्हीआरवरचा व्हिडिओ मात्र पहिल्याच क्षणी गोठायचा. छोटी पाकिटं जातात आणि मोठी अडकतात, हे एमटीयूचंच, म्हणजे दुव्यावर मावणाऱ्या पाकिटाच्या कमाल आकाराचंच, लक्षण. मोबाइल नेटवर्कच्या आत तुमच्या पाकिटावर किमान ३६ बाइटांचं वेष्टन चढतं: आयपी २०, यूडीपी ८, जीटीपी ८, वर आयपीसेक असेल तर आणखी. म्हणून ३जीपीपी मोबाइल दुव्यासाठी १३५८ सुचवतं. आयपीव्ही६मध्ये मधले राउटर पाकिटाचे तुकडे करत नाहीत, "फार मोठं" असा आयसीएमपीव्ही६ संदेश मागे पाठवतात. तो कुठे अडला की पाठवणारा अंधारात. लॅनच्या आरएमध्ये एमटीयू १३५८ जाहीर केला. वायरगार्डचं स्वतःचं वेष्टन आयपीव्ही६वरून ८० बाइट, म्हणून बोगद्याला १२८० ठेवला. त्याखाली आयपीव्ही६ चालतच नाही, पण १३५८मधून ८० गेले तर १२७८ उरतात. दोन बाइट कमी! आपल्या दुव्यावर खरा आकडा किती हे मोजलं तर १४३० निघाला, तेव्हा १२८० बसला. तुमच्याकडे खरोखर १३५८च असेल तर बोगदा आयपीव्ही४वरून न्या, तिथे वेष्टन ६० बाइटच असतं.

राहिला बिलाचा संगणक. त्यातलं जुनं सॉफ्टवेअर एका सर्व्हरचा आयपीव्ही४ पत्ता सरळ आकड्यांत लिहून बसलंय. नऊ लॉगर आयपीव्ही६वर, आणि हा एकटा जुन्या वाटेवर. सध्या बेअरर दोन्ही देतो म्हणून चालतं. उद्या कंपनीनं ५१चा आकडा दाखवला तर काय, म्हणून ४६४एक्सएलएटीचं पॅकेज राउटरवर आधीच बसवून तपासलं. ते राउटरवर आयपीव्ही४ पाकिटाला आयपीव्ही६चं रूप देतं, कंपनीकडचं यंत्र ते परत उलटवतं. कंपनी कोणता प्रीफिक्स वापरते हे आयपीव्ही४ओन्ली.अर्पा या नावाची क्वाड-ए नोंद विचारून कळतं. बऱ्याच ठिकाणी ६४:एफएफ९बी::/९६ येतो. या रूपांतराला पेठेतला एक स्वतंत्र पत्ता लागतो. तो काढून ठेवला आहे, आणि भाषांतरात पाकीट २० बाइटांनी फुगतं, तुकड्याचं शीर्षक आलं तर आणखी ८, म्हणून त्या बाजूचा आयपीव्ही४ एमटीयू २८नं कमी केला आहे. संगणकावर बिल निघालं. काकांनी ते आमच्याच नावानं काढलं होतं, दोन पोती बटाटे, शून्य रुपये.